आधी वारा देख!

बदकांच्या शिकारीतले जे मोजके जाणकार आपल्याकडे उरलेत, त्यांची अडचण एकच आहे. त्यांनी स्वतः बदक मारलेलं नाही, आणि आता मारायला गेले तर जामिनाला कोण उभं राहील याची खात्री नाही. विद्येला मात्र त्यामुळे काही बाध येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात दिवाळी सरली, पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजांनी तुंबवलेल्या तापीवर उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागले, की ही विद्या जागी होते आणि होळीपर्यंत झोपत नाही.

हा गृहस्थ शहाद्याला आहे, तळोद्याला आहे, नवापूरला आहे. वय पासष्टच्या आसपास. कुठल्या तरी खात्यातून निवृत्त. थोडी केळी, थोडी पपई, बांधाला चार सीताफळं. मुलगा पुण्याला, भाचा अमेरिकेत. नाव काहीही असलं तरी गाव त्याला आप्पा म्हणतं, तर इथंही आप्पाच म्हणू.

आप्पांचा पहिला प्रश्न वाऱ्याचा असतो. चहाच्या टपरीवर बाकडं रिकामं असलं तरी ते लगेच बसत नाहीत. चिमूटभर धूळ उचलून सोडतात, ती कुठं जाते ते बघतात आणि मग वाऱ्याला पाठ देऊन बसतात. लग्नाच्या पंगतीत वाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या अनोळखी माणसाला ते उठवू शकत नाहीत, पण त्याच्याबद्दलचं त्यांचं मत कायमचं खाली येतं. एखादा पोरगा मोटरसायकल घेऊन धरणावर निघालेला दिसला की हाक येते, “आधी वारा देख!” पोरगा पोहायला चाललेला असतो.

हे खूळ नाही, त्यामागे शास्त्र आहे. बदक पाण्यावर उतरतं ते वाऱ्याच्या समोरून. विमानासारखंच, असं म्हणण्यापेक्षा विमान बदकासारखं उतरतं असं म्हणणं आप्पांना जास्त रुचतं. समोरचा वारा पंखाखाली धरला की वेग तुटतो आणि अंग हळूच पाण्यावर टेकतं. म्हणजे ज्याला बदक समोरून, छाती दाखवत, पाय पुढे काढून येताना बघायचं आहे, त्याने वारा पाठीवर घेऊन बसलं पाहिजे. जगातल्या कुठल्याही बदक-शिकाऱ्याच्या विद्येचा हा श्रीगणेशा. आप्पांना तो बारा वर्षांचे असताना मिळाला.

घराण्यात शिकार होती हे खरं. दुनळी बारा बोअर वडिलांची होती की चुलत्यांची, हे ऐकायला समोर कोण बसलंय यावर ठरतं. तो जमाना परवान्याचा. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा लागू होता, हंगाम ठरलेला होता, आणि हंगाम किती जण पाळत हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नसत. लहानग्या आप्पांचं काम पडलेली बदकं पाण्यातून आणायचं. बंदूक घरी आल्यावर पुसायला मिळायची. पुढे कथा सांगता सांगता पुसणाऱ्याच्या हाती काडतुसं आली, मग चाप आला, आणि अलीकडे तर एका बारात दोन तलवार बदकं पडतात. बायको स्वयंपाकघरातून “पुसायला होतात तुम्ही” अशी आठवण देते तेव्हा एक बदक परत उडून जातं.

१९७२ साल महाराष्ट्राने दुष्काळासाठी लक्षात ठेवलं. आप्पांच्या पंचांगात त्या वर्षाच्या दोन नोंदी आणखी आहेत. तापीवर गुजरातेत उकाईचं धरण पुरं झालं आणि त्याचा फुगवटा मागे सरकत नवापूर-नंदुरबारच्या हद्दीत आला. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठवली गेली. तो विषय निघाला की आप्पासुद्धा गप्प होतात. पण बदकांच्या दृष्टीने बघाल तर मैलोगणती उथळ पाणी, गाळाचे काठ, पाणी ओसरेल तशी गाळपेर जमीन, म्हणजे चंगळ. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा आला. एवढं पाणी भरलं आणि त्याच साली बंदूक खुंटीला लागली. आप्पांच्या मते हा योगायोग असूच शकत नाही. दिल्लीत कोणीतरी बदकांचा माणूस बसलेला होता.

त्या कायद्याने सुरुवातीला लहानसहान शिकारीच्या परवान्याला कागदावर जागा ठेवली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा आप्पा ऐन तिशीत होते. एखाद्याने आयुष्यभर गाण्याची तालीम करावी आणि मैफिलीच्या आदल्या दिवशी गावात गाण्यालाच बंदी यावी, तसं त्यांचं झालं. फरक इतकाच की बंदी योग्य होती हे आप्पांना मनातून मान्य आहे. भरतपूरचा विषय काढून बघा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने केवलादेवच्या पाणथळीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. आप्पा तो आकडा तोंडपाठ सांगतात आणि मग तोंड वाकडं करतात. “एवढ्या बंदुका असल्यावर वारा न बघताही पडतील. त्यात विद्या काय?” संहाराबद्दलची त्यांची हरकत तांत्रिक वाटते, पण हरकत आहे हे महत्त्वाचं.

खरी क्रांती झाली ती मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर. तोवर आप्पांची विद्या पाणी, वारा आणि वडिलांच्या (किंवा चुलत्यांच्या) आठवणी एवढ्यावर चालू होती. मग एका रात्री त्यांना आर्कान्सा सापडलं. अमेरिकेतल्या त्या राज्यात भातखाचरं आणि पाण्याखाली गेलेली जंगलं आहेत, आणि तिथले लोक पहाटे चारला उठून पाण्यात नकली बदकं मांडतात. लुइझियाना सापडलं. चिखलात कमरेएवढे उभे राहून हळू आवाजात बोलणारे दाढीवाले सापडले. आप्पांना इंग्रजी बेताचं येतं, दाढीवाल्यांचं तर त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळत नसावं. पण बोट कुठे दाखवतात, वारा कुठून आहे, बदक कुठून आलं, एवढं बघायला भाषा लागते कशाला? दोन हिवाळ्यांत आप्पा हलत्या नकली बदकांच्या मांडणीतले खानदेशातले एकमेव अधिकारी झाले. या शास्त्राची खानदेशात कोणालाही गरज नाही हा मुद्दा त्यांच्यापुढे अनेकांनी मांडून पाहिला. आप्पा म्हणतात, “गरजेपुरतं शिकायचं असेल तर माणसाने पाढे शिकावे.”

त्यांची शिकवणी बघायची असेल तर टपरीवर सकाळी साडेआठला जावं. टेबलावर भुईमुगाच्या शेंगांचा कागद असतो. तोच जलाशय. आप्पा आधी माचिसची काडी ठेवतात, गुलाचं टोक ज्या बाजूला तिकडे वारा वाहतो. मग स्वतःची चहाची कपबशी काडीच्या मागच्या टोकाला. ती लपण, म्हणजे शिकारी बसलाय ती जागा. वारा त्याच्या पाठीवर. मग शेंगा. एक शेंग इथं, दोन तिथं, जरा अंतरानं; गठ्ठा कधी करायचा नाही, कारण निवांत चरणारी बदकं विखुरलेली असतात आणि घाबरलेलीच गोळा होतात. शेंगांची नालेच्या आकाराची कमान होते, तोंड वाऱ्याच्या खालच्या अंगाला उघडं. आणि मधे रिकामी जागा. या जागेवर आप्पांचा जीव आहे. तिला ते अंगण म्हणतात.

“अंगण रिकामं ठेवायचं. येणाऱ्याला बसायला जागा दिसली पाहिजे. तू गर्दीवर गर्दी करशील तर तो वरनंच राम राम घेईल.”

अंगण बंदुकीच्या पल्ल्यात हवं, लपणापासून वीस-पंचवीस पावलांवर. उडत येणाऱ्या बदकाला दुसऱ्यांच्या डोक्यावरून जाऊन उतरायला आवडत नाही, म्हणून कमानीचं तोंड बरोबर त्याच्या वाटेवर हवं. इतकं झालं की आप्पा खिशातून सुपारी काढतात. सुपारी म्हणजे भिरभिरं.

भिरभिरं हे या शास्त्रातलं आधुनिक पर्व. एका खांबावर प्लास्टिकचं बदक, आत मोटर, बॅटरी, आणि दोन पातळ पंख जे गरगर फिरतात. पंखाची एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. फिरताना पांढरं-काळं, पांढरं-काळं असं लुकलुकतं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की कोणीतरी पंख फडफडवत आत्ताच उतरतंय. उतरणाऱ्या बदकाच्या पंखाची पांढरी अस्तरबाजू खरोखरच फार लांबून चमकते, ती ही युक्ती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या शिकाऱ्यांत ही यंत्रं इतकी गाजली आणि बदकं इतकी पडू लागली की सरकारांना विचार करावा लागला. कॅलिफोर्नियाने हंगामाच्या पहिल्या टप्प्यात त्यांना मनाई केली, वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन या राज्यांनी सरळ बंदी आणली होती.

सुपारी ठेवायची कुठे? यावर टपरीत आजवर मतभेद झालेला नाही, कारण बाकीच्यांना मत नाही. नवशिका ती अंगणात मधोमध ठेवतो. आप्पा त्याला हसू देतात, मग सुपारी उचलून कमानीच्या एका टोकाशी, लपणाच्या बाजूला, काठाकाठाने सरकवतात. बदक चमक बघून येतं, पण चमकेच्या डोक्यावर बसत नाही. जवळ आल्यावर ते यंत्र त्याला खटकतं आणि ते बुजून वर उसळतं. म्हणून भिरभिरं लांबच्या बदकाला बोलवण्यापुरतं. थवा वळून पंख ताणून खाली यायला लागला की रिमोटने बंद. आप्पा या ठिकाणी सुपारी तोंडात टाकतात. यंत्र बंद झाल्याचं एवढं खणखणीत प्रात्यक्षिक लुइझियानातही मिळत नसेल.

आणि वारा पडलेला असेल तर? मग पाणी आरशासारखं, आणि आरशावर बसलेली प्लास्टिकची बदकं मढ्यासारखी दिसतात. त्यावर हिसक्याची दोरी. तळाला वजन, त्याला रबरी ताण, पुढे चार-पाच नकली बदकं दोरीला बांधलेली आणि दोरीचं टोक लपणातल्या माणसाच्या हातात. अधूनमधून ओढायचं, सोडायचं. बदकं डोलतात, पाण्यावर वर्तुळं उठतात, आणि आकाशातून बघणाऱ्याला खालचं गाव जागं वाटतं. खरी फसवणूक वर्तुळांत आहे, प्लास्टिकच्या चोचीत नाही, हे सांगताना आप्पा चहाच्या कपात बोट बुडवून वर्तुळ काढून दाखवतात. कप बहुधा दुसऱ्याचा असतो.

भारी यंत्रावर आप्पांचा राग आहे असं नाही, पण हे सगळं अमेरिकेने शोधलं असं कोणी म्हटलं तर ते खवळतात. त्यात तथ्य आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेली लव्हाळ्याची बदकं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. दाढीवाले फार नंतर आले. आपल्याकडची मडक्याची युक्ती तर आप्पांना सगळ्यांत प्रिय. तळ्यात रिकामी मडकी सोडून द्यायची. चार-आठ दिवसांत बदकांना ती सवयीची होतात, त्यांच्या मधून बदकं पोहू लागतात. मग एके सकाळी एक मडकं जरा जास्तच हेतूपूर्वक तरंगत येतं. त्याला दोन भोकं असतात, भोकांमागे डोळे, आणि खाली गळ्याएवढ्या पाण्यात माणूस. पाय धरून बदक खाली ओढलं की शेजारच्या बदकाला वाटतं बुडी मारली. “बॅटरी नाही, रिमोट नाही, लायसन नाही. आणि हलणारं आहे का नाही?” हाही मुद्दा बिनतोड. फासेपारध्यांनी पिंजऱ्यातल्या तितराच्या आवाजावर रानातले तितर बोलावून भोवती फासे लावले. तेही भुलवण्याचंच शास्त्र, फक्त जिवंत. जिवंत बदकं बांधून दुसऱ्यांना बोलावणं अमेरिकेतही सर्रास चाले, ते १९३५ साली त्यांच्या सरकारने बंद केलं. हे सांगताना आप्पा असे बोलतात की जणू ती सही त्यांच्यासमोर झाली.

मग भाचा आला. ओहायोहून आलेल्या भाच्याने मामासाठी काय आणावं याचा विचार फोनवरच्या बोलण्यावरून केला आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून एक खरंखुरं भिरभिरं आणलं. घरात पेढे वाटले गेले नाहीत इतकंच. खोक्यातून हिरव्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा, अमेरिकन बांध्याचा नर निघाला. आप्पांनी तो हातात घेऊन फिरवला, आणि त्यांच्यातला जाणकार त्यांच्यातल्या मामाला गप्प बसू देईना.

“हा आपल्याकडे येत नाही.”

खरंच येत नाही, म्हणजे क्वचित. हिरव्या डोक्याचं ते बदक उत्तर भारतात बऱ्यापैकी येतं. तापीच्या पाण्यावर हिवाळ्यात गर्दी असते ती तलवार बदकांची, थापट्यांची, चक्रवाकांची, आणि वर्षभर इथंच राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकांची. त्यांच्यात हा साहेब नेऊन बसवायचा म्हणजे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात डर्बीचा घोडा. पण मोठी अडचण पुढे होती. आप्पांचे एक वकील मित्र आहेत. त्यांनी कायदा उघडून शिकारीची व्याख्या वाचून दाखवली. मारणं ही शिकार आहेच. पण पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या प्रत्येकाचा नुसता प्रयत्न करणं, हेही त्याच व्याख्येत आहे. “तुम्ही पाण्यात यंत्र लावून बदक बोलावणार, आणि वनरक्षकाने विचारलं कशाला, तर काय सांगणार? गंमत म्हणून?” आप्पांकडे दुसरं उत्तर नव्हतं. गंमत म्हणूनच लावणार होते.

शेवटी साहेबांची रवानगी शेतात झाली. भावकीतल्या एकाच्या रानात दादर ज्वारी निसवली होती, आणि दादरीच्या कणसांवर पोपट आणि चिमण्या तुटून पडत होत्या. मूळचं बुजगावणं, म्हणजे फाटका सदरा आणि मडक्याचं डोकं, पक्ष्यांनी कधीच ओळखीत घेतलं होतं. जुन्या कॅसेटची टेप बांधून झाली होती, सीडी लटकवून झाल्या होत्या, चमकणारी फीत ताणून झाली होती. तिथं खांबावर भिरभिरं उभं राहिलं. एका देशात पक्षी बोलावण्यासाठी केलेलं यंत्र दुसऱ्या देशात पक्षी हाकायला उभं करण्यात काही विसंगती आहे, असं आप्पांना क्षणभरही वाटलं नाही. चमक तीच, पण बदकाला ती घरची वाटते आणि दाणे टिपणाऱ्याला शिकाऱ्याची, असं त्यांचं तत्काळ तयार झालेलं प्रमेय होतं. पहिल्या दिवशी थवा कापूसवाल्याच्या बांधापर्यंत पळाला. दुसऱ्या दिवशी निम्मा पळाला. मग कोणीच पळेना. पक्षी फसवणुकीला किती लवकर सरावतात हे अमेरिकन शिकारीही कबूल करतात: हंगामाच्या सुरुवातीला पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली कोवळी बदकं भिरभिऱ्याला भुलतात, पुढे पुढे तीच बदकं ते दिसताच वळसा घेतात. दादरीच्या रानात ही प्रगती आठवड्यात झाली. भावकीतल्या माणसाने बॅटरी काढून फवारणीच्या पंपाला लावली. आप्पांनी दोष जागेला दिला. खांब दक्षिणेला हवा होता.

एवढ्यावरून आप्पांना हास्यास्पद ठरवणारे लोक हिवाळ्यात पहाटे पाचला त्यांच्या दारात का उभे असतात, याचा खुलासा त्यांना करावा लागेल. हे लोक म्हणजे फोटोवाले. नाशिकहून, धुळ्याहून, सुरतेहून येतात. गाडीतून चितकबरी जॅकेटं, चितकबऱ्या टोप्या, चितकबऱ्या कापडात गुंडाळलेली हातभर लेन्स आणि पांढरीशुभ्र गाडी. त्यातले काही नांदूर मध्यमेश्वर समजून नंदुरबारला येण्याइतके थकलेले असतात. ते नाशिक जिल्ह्यात आहे आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली; आपल्या बॅकवॉटरला असलं काही लेबल नाही, आणि आप्पांच्या मते म्हणूनच बरं चाललंय.

हे लोक धरणावर येऊन सुंदर दिसेल त्या जागी बसतात. म्हणजे सूर्य समोर, वारा समोर, बदकं पाठमोरी. दिवसभरात शंभर शेपट्यांचे फोटो घेऊन परत जातात. आप्पा त्यांना दुसऱ्या दिवशी उचलून शंभर-दीडशे पावलं पलीकडे नेतात. सूर्य मागे, वारा मागे, समोर उथळ पाणी आणि त्यात एक मोकळी पट्टी. “इथं बस. उठू नको. हात हलवू नको. ते टोपीचं बटण चमकतंय ते झाक.” आणि बदकं येतात. थव्याने वळतात, वाऱ्याला तोंड देतात, पंख ताणतात, पाय पुढे काढतात आणि बरोबर त्या मोकळ्या पट्टीत, सरळ लेन्सच्या तोंडात उतरतात. एकही नकली बदक नाही, दोरी नाही, भिरभिरं नाही. खरीच बदकं, खऱ्याच पाण्यात, आपणहून कमान करून बसलेली असतात. आप्पा ती कमान वाचतात आणि तिच्या तोंडाशी माणूस नेऊन ठेवतात.

एखादा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावू बघतो. तिथं आप्पा शिकाऱ्याच्या कडकपणाने त्याचा फोन बंद करायला लावतात. आवाजाने बोलावलेला पक्षी चरायचं सोडून भांडायला येतो, आणि रोज रोज बोलावलं की एक तर दमतो, नाहीतर जागा सोडतो. अमेरिकेचं भिरभिरं ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांना मोबाइलच्या शिट्टीचा राग का यावा, हे विचारण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

फोटोवाल्यांच्या परतीच्या जेवणात आप्पांचा खास किस्सा असतो, आणि तो खरा आहे. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी गायब. मग ब्रिटिश लष्करातला कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन याच्या संग्रहात एक नमुना दिसला, चिठ्ठीवर लिहिलेलं ठिकाण मांडवी, साल १९१४. याच तापीच्या काठचं, सुरत जिल्ह्यातलं मांडवी. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही पक्षी मिळाला नाही. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी १९९० च्या दशकात तो नमुना तपासला आणि लबाडी उघडी पडली: कर्नलने संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी लांबवला होता, पुन्हा पेंढा भरला होता आणि खोटी चिठ्ठी बांधली होती. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला सापडला.

आप्पांचा निष्कर्ष निराळाच. जगातलं सगळ्यांत यशस्वी नकली पाखरू त्या कर्नलने मांडलं, असं त्यांचं म्हणणं. एक मेलेलं घुबड, एक चिठ्ठी, आणि जगभरचे विद्वान ऐंशी वर्षं चुकीच्या रानात उतरत राहिले. “मांडणी बघा! आणि आम्ही तिकडे दिवसा पिंगळा बघत होतो, पण आम्हाला कोणी विचारलंच नाही.” आप्पांनी रानपिंगळा खरोखर पाहिला होता की साधाच पिंगळा, हा वाद टपरीवर १९९७ पासून चालू आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर दाट ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. हे विचारल्यावर आप्पा म्हणतात, त्या दिवशी वारा फार होता, डोकं नीट दिसलं नाही.

अलीकडे एक नवी बाई आप्पांच्या आयुष्यात आली आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, वय तीस, दुर्बीण स्वतःची. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. ठरलेल्या पाणथळीवर जायचं, जाती ओळखायच्या, मोजायच्या, फॉर्म भरायचा. ती आप्पांना सोबत नेते, कारण धुक्यात बदकं कुठल्या कोपऱ्यात असतील हे आप्पांना काठावर उतरण्याआधी कळतं. “वारकरी कुठं चरतायत ते बघा, तिथंच बाकीचे असतील.” काळे कुळकुळीत, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी बुड्या मारून तळाची वनस्पती वर आणतात आणि काही बदकं ती त्यांच्याकडून हिसकावून खातात. वारकरी निवांत, म्हणजे बाकीच्यांना भरवसा. अमेरिकेतले शिकारी मांडणीच्या कडेला नकली वारकरी ठेवतात ते याचसाठी. बाईंनी हे पुस्तकात वाचलं होतं, तरी तिने ते आप्पांच्या तोंडून ऐकून घेतलं. तिच्यात शिक्षकी आहे.

भांडण फॉर्मवर होतं. फॉर्मात जातीचं नाव असतं आणि संख्या असते. वारकरी तीनशे दहा, थापट्या पंचेचाळीस, असं ती लिहीत जाते. आप्पा चष्मा कपाळावर चढवून कागद उलटसुलट बघतात.

“आणि उतरले कुठून हे कुठं लिहायचं?”

“ते विचारलेलं नाहीये, आप्पा.”

“मग काय मोजलं? दुकानात पोती मोजतात तसं?”

ती फॉर्म पुढे करते. आप्पा तिचं पेन घेतात आणि समासात, तिरप्या पण घोटीव अक्षरात लिहितात: सकाळी वारा उत्तरेचा, मंद, सर्व थवे दक्षिणेकडून आले. खाली सही करतात, सहीखाली तारीख टाकतात. ती काही बोलत नाही. फॉर्म तसाच पाठवते.

पुढच्या रविवारी टपरीवर ती दिसताच आप्पा शेंगांचा कागद बाजूला सारतात.

“काही हरकत आली का वरून?”

“नाही.”

“येणार कशी?” म्हणतात, आणि दोन कट सांगून धूळ उडवून बघतात की तिला कुठल्या बाजूला बसवायचं.